उंचीची अर्धी दोरी

घरात एक गुबगुबीत लेकरू असलं की किस्से शोधायला जावं लागत न्हाई, ते जेवायच्या वक्ताला आपोआप येतात. तर हळ्ळीखेडात आमचं एक घर हाय. घरात आमचे हे, म्हणजे अप्पा; सून सुनंदा; थोरली जाऊ गोदाक्का; आणि नात गौरा. गौरा दारातून शिरताना आधी गाल येत, मग गौरा. अप्पांना त्याचा लई गर्व. "खात्यापित्या घरचं लेकरू हाय," म्हणत.

*

शाळेत तपासणीवाले आले. सिस्टरनं दोरीनं गौराची उंची घेतली, दोरी अर्धी दुमडली आणि पोटाभोवती गुंडाळली. टोकाला टोक लागंना.

सिस्टर म्हणली, "कंबर उंचीच्या अर्ध्यापेक्षा जास्त भरायलीय."

पोरीला न्यायला आलेले अप्पा म्हणाले, "मग दोरी लांब घ्या की. सरकारला दोरीबी पुरंना व्हय?"

*

गौराची मान मागून काळी पडलेली. सुनंदा रोज डाळीचं पीठ लावून घासायची, पोरगी बोंबलायची. बीदरच्या डॉक्टरीणबाईनं मान बघितली.

"घासू नका. हा मळ न्हाई, आतली साखर बिघडायलीय. पोट, बीपी, साखर, रक्तातली चरबी, सगळं तपासा. आत्ता सांभाळलं न्हाई तर पोरीला कोवळ्या वयात शुगर गाठंल."

सुनंदाचं तोंड उतरलं. स्टँडावर आल्यावर अप्पा हळूच म्हणाले, "लेकरू भ्यालंय. क्रीमचं बिस्कीट घेऊ का?"

*

रक्त द्यायचं उपाशीपोटी. सुनंदानं डबे कुलपात घातले, पोरीला पाण्याशिवाय काय दिलं न्हाई. तरी साखर वाढलेली निघाली. घरात रडारड. गोदाक्काचा आवाज सगळ्यात मोठा.

"असं कसं झालं गं? रिपोर्ट चांगला यावा म्हणून निघताना मीच तर तिच्या हातावर दही-साखर ठेवली."

डॉक्टरीणबाईनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी परत रक्त घेतलं. "शुगर अजून लागली न्हाई, पण उंबऱ्यावर हाय. चरबी आणि बीपी वाढलंय. नुसतं पोरीचं न्हाई, सगळ्या घराचं खाणं बदला."

*

सगळ्या घराचं म्हणल्यावर अप्पा तडकले. "दुखणं पोरीचं, माझं ताट कामून आटवायलाव?"

गौरा म्हणली, "तुम्ही खायलाव ते मला दिसतंय की, अप्पा."

अप्पांनी हातातलं बिस्कीट खाली ठेवलं. बिस्किटाचे पुडे बंद झाले, आणि आजा-नात रिक्षा सोडून शेताला चालत जायला लागले. एकदा फक्त अप्पा गोठ्यात भजी खाताना सापडले. "म्हशीला द्यायच्या आधी चव बघायलोय," म्हणाले.

*

सहा महिन्यांनी रिपोर्ट आला. साखर, चरबी, बीपी, समदं जागेवर. सिस्टरनं दोरी गुंडाळली, टोकाला टोक लागून वर उरली. सुनंदा तिथंच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. सिस्टरनं ती दोरी गौरालाच देऊन टाकली.

अप्पांनी डबाभर पेढे आणले. "गौरा, सगळ्या गल्लीला वाट."

गौरा एका हातात डबा, दुसऱ्या हातात दोरी घेऊन निघाली. सांजेला परतली तर डबा जवळजवळ भरलेलाच.

अप्पांनी पेढ्याला हात घातला.

"थांबा अप्पा," गौरा दोरी उलगडत म्हणली. "आधी सरळ उभं ऱ्हावा."