चिलेशेचं ब्राँझ

बोट्सवानातल्या गाबोरोनला निघालेली बस चोमा गावाच्या पुढे बंद पडली, तेव्हा चिलेशे जागीच होती. हल्ली बसमध्ये तिचा डोळा लागत नसे. गुडघा सुजून टम्म झालेला, आणि शेजारी तिचा मिश्र दुहेरीतला जोडीदार कासोंदे तोंड उघडं टाकून घोरत होता.

बॅडमिंटनमध्ये झांबियात तिला हरवणारं कोणी नव्हतं. बाहेर गेलं की मात्र पहिल्याच फेरीत गारद व्हायचं आणि उरलेले दिवस दुसऱ्यांचे सामने बघत बसायचं, एवढंच तिच्या वाट्याला येई. विमानानं आलेल्या पोरी झोप काढून ताज्यातवान्या कोर्टवर उतरत. ही बसमधून उतरायची ती थेट कोर्टवर.

या खेपेलाही तसंच झालं. पण समोर आलेली पहिली जोडी अगदीच नवखी निघाली. दुसरीनं हातातला सामना घाईघाईत घालवला. बघता बघता ही दोघं उपांत्य फेरीत. हरली तरी ब्राँझ पक्कं होतं.

समोर मॉरिशसची जोडी. तिसऱ्या गेममध्ये कासोंदेच्या पोटरीत गोळा आला.

"ताई, सोडून देऊ या. पदक तर मिळालंच की."

"तू नेटपाशी उभा राहा. मागचं मी बघते."

"अगं, तुझा गुडघा बघ आधी!"

"घरी जाऊन बघेन. एवढा बसचा जाच काय मध्येच सोडून जायला सोसला?"

त्या जोडीनं तिला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवली. ती पळाली. हरली. हस्तांदोलन झाल्यावर ती तिथंच कोर्टवर बसली. रडू येत नव्हतं, नुसतं आडवं व्हावंसं वाटत होतं. मॉरिशसच्या मुलीनं हात देऊन उठवलं.

किटवेला घरी पोचली तेव्हा आई चुलीवर मक्याच्या पिठाची न्शिमा घोटत होती.

"जिंकलीस?"

"तिसरी आले."

"तिघींतच?"

"आई!"

"बरं बाई, हात धू."

सुक्या मासळीबरोबर दोन घास पोटात गेल्यावर चिलेशे म्हणाली, "कासोंदेला सांगितलंय, दुसरी जोडीदार शोध."

आईचा हात थांबला. "आणि तू काय करणार?"

"झोपणार."

दुपारी कासोंदे लंगडत दारात आला. वाटेत त्यानं तिला परत खेळवण्यासाठी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. आईनं त्याला उंबऱ्यावरच अडवलं.

"झोपलीय ती. उद्या ये. नाहीतर परवाच ये."