शाळा सुटल्यावर लेकरं मेंढरांची वाट बघतात

मंडळी, आज शाळा सुटायच्या वेळी पालक समितीचे आमी तिघं गेटसमोर उभे होतो. गतिरोधक कुठं पाहिजे अन् गाड्या कुठं लावाव्यात, हे बघायचं होतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पालकांच्या गाड्या आडव्यातिडव्या लावलेल्या. त्यात आमच्याही होत्या. मधून वारंगा फाट्याकडचे ट्रक सुसाट जात होते. लेकरं मात्र कडेला शांत उभी.

त्यातल्या माझ्या पुतणीला विचारलं, "काहून थांबल्या गं?"

"मेंढरं येऊन राहिली, काका. आमी रोज त्यांच्यासंगंच पलीकडं जातो."

कळप आला तसे ट्रक थांबले. मेंढरांमागून सगळी लेकरं बराबर पार झाली.

मेंढपाळ म्हणाला, "परवा आमी कळप घेऊन पुसेगावकडं निघणार."

गतिरोधकाचा अर्ज आमी देऊच. पण परवापासून लेकरांसाठी ब्रेक कोण दाबणार, गाडीवाल्यांनो?