कपलिंगवरची पुसलेली रेघ

सहावा बोल्ट बसेना.

पाच बसले होते. दादाने सहावा काढला, रॉकेलमध्ये बुडवला, पुन्हा लावला. अर्ध्यावर अडकला.

शेठ म्हणाले, “हाण हातोडा. लोखंड आहे, रडतंय थोडंच.”

कारखान्याच्या दाराशी हिर्डोशीचा धोंडिबा बसला होता. त्याची बायको टायफॉइडने दवाखान्यात होती. ताप डोक्यात गेलेला, कालपासून ती माणूस ओळखत नव्हती. डॉक्टरांनी डोक्यावर बर्फ ठेवायला सांगितलं होतं. भुशातली शेवटची लादी सकाळीच तिच्यासाठी गेली होती. भोरमध्ये बर्फाचा कारखाना हा एकच.

त्याने चौथ्यांदा विचारलं, “बरफ कवा व्हनार, मिस्तरी?”

दादा बोल्टाचे आटे पुसत होता.

माझी वहिनी, या दादाची बायको, आज पहाटे गेली. शंभरीला थोडे महिने कमी होते.

भोर तेव्हा संस्थान होतं. त्या दुपारी आम्ही दोघी दादाची भाकरी घेऊन कारखान्यात गेलो होतो.

कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील गळत होतं, म्हणून दादाने अष्टमीला कॉम्प्रेसर उतरवला. उतरवण्याआधी इंजिन आणि कॉम्प्रेसर जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन्ही चकत्यांवर, इंजिनाकडच्या आणि कॉम्प्रेसरकडच्या, खडूने एक सलग रेघ मारली. भोकं हाताने पाडलेली. सहाही बोल्ट एकाच जागी जुळायचे. ती जागा रेघेवरून कळणार होती.

खंडेनवमीची पूजा दरवर्षी वहिनी करायची.

तिने चकत्या गरम पाण्याने आणि राखेने घासल्या. देवाची भांडी घासावीत तशा. मग कुंकू लावलं.

दसऱ्याला काम बंद. एकादशीला दादा आला तर रेघ नव्हती. कोणी पुसली हे त्याला कळलं. शेठनी विचारलं तेव्हा म्हणाला, जागा लक्षात आहे माझ्या.

आता त्याने हातोडा उचलला. तिचं नाव सांगण्यापेक्षा त्याला ते सोपं वाटलं असावं.

जोर करून बोल्ट घातला की शाफ्ट ओढला जातो. नवं सील फुटतं, अमोनिया बाहेर येतो. मागच्या गळतीनंतर दादाला आठ दिवस नीट दिसत नव्हतं. वहिनीने त्याला हाताला धरून फिरवलं होतं.

ती पदर सारखा करून पुढे आली. कपलिंगवर हात ठेवला.

“रेघ मी पुसली. नवमीला. हातोडा मारू नका.”

इंजिनाजवळचे दोघे गडी खाली बघू लागले.

शेठ म्हणाले, “मशिनीला न्हाऊ घातलंत. आता बारसं पण उरकून घ्या.”

धोंडिबा उठला. मला वाटलं, हा आता तिला शिव्या देणार.

“जागा किती हायेत, बाई?”

“सहा. त्यातली एक झाली.”

“मंग बाकीच्या बगा की.”

दादाने पाचही बोल्ट काढून वहिनीच्या ओंजळीत दिले. शाफ्ट एक घर, म्हणजे एक भोक पुढे, फिरवला. बोल्ट लावून पाहिले.

नाही.

अजून एक घर.

नाही.

चौथ्या जागी सहाही बोल्ट बोटाने आत गेले.

तरी काम संपलं नव्हतं. दोन चकत्यांमधली फट सगळीकडे सारखी लागते; दादा ती पोस्टकार्डाची पट्टी घालून तपासायचा. पट्टी वर घट्ट बसली, खालून गळून पडली. कॉम्प्रेसरचा अलीकडचा पाय उचलून खाली पत्रा सरकवायला हवा होता.

पहार धोंडिबाने घेतली. शेठ नको म्हणत होते. “आमी धोंडं हलवनारी मानसं,” तो म्हणाला. “कुठं लावू त्येवडं सांगा.”

पत्र्याचे दोन तुकडे गेले. पट्टी चारही बाजूंना सारखी धरली.

इंजिन सुरू करताना दादाने वहिनीला बाहेर जायला सांगितलं. ती गेली नाही. सीलजवळ तोंड नेऊन वास घेत उभी राहिली.

वास आला नाही.

घरी या गोष्टीबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. निदान माझ्यासमोर नाही.

वहिनी, तुला शेवटचा नमस्कार. राहिलेलं एवढंच लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाचे डबे उपसले. लाद्यांच्या मधोमध अजून पाणीच होतं. वहिनीने त्यातली एक गोणपाटात गुंडाळली आणि धोंडिबाबरोबर दवाखान्यात गेली. तासभर ती त्या बाईच्या कपाळावर बर्फ फिरवत होती. मग बाईने डोळे उघडले, धोंडिबाकडे पाहिलं आणि विचारलं, “जेवला का न्हाई?”