अनिताच्या कानातली घूं घूं

शेणव्याच्या अनितानं कानाला हेडफोन लावला की तिच्याशी बोलायची सोय राहायची नाही, आणि नेमकी त्याच वेळी तिच्या सासूला बोलायची हुक्की यायची. सासूचं नाव बाईजा. अनिता तिला आत्या म्हणायची. बाईजानं दारातून दोन हाका मारायच्या, तिसरीला सुनेच्या खांद्यावर थाप द्यायची, सुनेनं दचकून हेडफोन काढायचा आणि मग बाईजानं विचारायचं, "मीठ कुठं ठेवलंस गो?" मीठ चुलीशेजारीच असायचं.

गावाचं मत असं पडलं होतं की संदेशची बायको दिवसाढवळ्या गाणी ऐकत बसते. अनिता बिचारी सगळ्यांना समजावून सांगायची. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून झाला की काय झालंय, काय औषध दिलं, ते नुसतं बोलून ठेवतो. ते ऐकायचं आणि कॉम्प्युटरवर टाइप करून द्यायचं. त्याचे पैसे मिळतात. शेजारच्या हिराबाईनं हे सगळं तोंडाला पदर लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "का गो, त्याला लिवता येत नाय?"  हे काम शिकवणाऱ्या कल्याणच्या ज्या क्लासनं अनिताकडून सहा महिन्यांची फी घेतली, त्यांच्याकडेही या प्रश्नाचं उत्तर नसावं.

अनिता मुरबाडकडची. बारावीनंतर तीन वर्षं तिनं मुरबाडच्या एका दवाखान्यात पुड्या बांधल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांचं अक्षर खुद्द डॉक्टरांना लागायचं नाही, ते अनिताला लागायचं. ते पेशंटसमोर कागद तिच्याकडे सरकवून, "जरा वाचून दाखव गं यांना," असं रुबाबात म्हणायचे. औषधांची नावं तिच्या तोंडात तेव्हापासून बसलेली. लग्न होऊन शेणव्याला आली तर इथं फक्त भाताच्या बियाण्यांची नावं चालायची. चार वर्षं तिनं लावणी केली, झोडणी केली आणि मनातल्या मनात कंटाळली. मग क्लासचं निघालं. नवऱ्यानं आधी नाही म्हटलं, नंतर हो म्हटलं, आणि एक जुना कॉम्प्युटरही आणून दिला. संदेश माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीची तारीख लागायची. वाशिंदच्या ज्या कारखान्यात तो होता, तिथं पॅकिंगला बायका भरती करत होते.

"ठाण्याच्या कंपनीची परीक्षा शनिवारी हाय ना?" तो म्हणाला. "शनिवारपर्यंत तुजं काय ते बघ. नाय जमलं तर सोमवारपासून माझ्याबरोबर चल. जागा धरून ठेवलीय."

अनितानं ती जागा बघितली होती. आठ तास उभं राहून खोक्यांना चिकटपट्टी लावायची, बोलायचं नाही, बसायचं नाही. तिथल्या बायका घरी गेल्या की पाय बादलीत घालून बसतात म्हणे. तिला ते नको होतं. इतकं नको होतं की खोकं बघितलं तरी ती तोंड फिरवायची.

परीक्षेसाठी कंपनीनं एका सीडीवर एका डॉक्टरची दहा रेकॉर्डिंगं दिली होती, ती घरी टाइप करून शनिवारी द्यायची. शंभर शब्दांत दोन चुका माफ, तिसरीला घरचा रस्ता. पास झालं तर घरी बसून काम. सीडी हाती आली तेव्हा मध्ये दहा दिवस होते आणि ते पुरेसे होते. फक्त हेडफोनात घूं घूं यायची. डॉक्टर आधीच घास तोंडात ठेवून बोलल्यासारखा बोलायचा, त्यात ही घूं. औषधाच्या नावाची सुरुवात कळायची आणि शेपूट घूंमध्ये बुडून जायचं.

घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा एकच माणूस होता आणि तोच मोठी पंचाईत होता. दीपेश, तिचा धाकटा दीर. त्यानं शहापूरला तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि तेव्हापासून तो पेचकस खिशात घेऊन हिंडायचा. त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, आत फुंकर मारली, स्वतःच्याच डोळ्यांत धूळ घालून घेतली आणि निकाल दिला.

"वहिनी, हा बोर्डावरचा साउंड. नावाला असतो. वेगळा साउंड कार्ड टाकायला लागेल. कमीत कमी पाच-एकचा, सहा स्पीकरवाला."

शहापूरला एसटी स्टँडजवळ झेरॉक्सच्या वर कॉम्प्युटरचं दुकान होतं. दोघं जीपनं गेली. दुकानदारानं काचेवर तीन खोकी मांडली. एक साडेतीनशेचं, एक सातशेचं आणि एक बाराशेचं, ज्याच्या पिनेला सोन्याचा मुलामा होता. दीपेशची नजर सोन्यावरून हलेना.

"यात सहा स्पीकर लागतात मॅडम," दुकानदार म्हणाला. "पुढं, मागं, बाजूला. विमान गेलं तर डोक्यावरून गेल्यासारखं वाटेल."

"मला दोनच कान हायत," अनिता म्हणाली. "आणि विमान नकोय, डॉक्टर पायजे."

दुकानदार दीपेशकडे बघून हसला, दीपेश दुकानदाराकडे बघून हसला. बाईमाणसाला काय कळतं, असं ते हसणं होतं. अनितानं पिशवीतून स्वतःचा हेडफोन काढला, स्वतःची सीडी काढली आणि म्हणाली, "लावून दाखवा. तिन्ही."

असं गिऱ्हाईक दुकानदाराला नवीन होतं. कुरकुरत त्यानं एकेक कार्ड बसवलं. अनितानं डोळे मिटून ऐकलं. बाराशेवाल्यात डॉक्टर स्वच्छ. सातशेवाल्यात स्वच्छ. साडेतीनशेवाल्यातही तेवढाच स्वच्छ, घूं औषधालाही नाही. दीपेशनं तीनदा सोन्याचा विषय काढला, अनितानं तिन्ही वेळा पिशवीची चेन लावली. साडेतीनशेचं घेऊन ती उठली आणि जीपमध्ये, बऱ्याच महिन्यांनी, दिराला उसाचा रस पाजावा असं तिला वाटलं.

घरी येऊन कार्ड बसवलं, हेडफोन लावला. घूं. तीच, तशीच.

"सस्त्यातला घेतलास ना," दीपेश म्हणाला. एवढं समाधान त्याला आयुष्यात कशानं झालं नसेल. दुसऱ्या दिवशी तो वरचे पैसे घेऊन गेला आणि सोन्याच्या पिनेचं घेऊन आला. बसवलं. घूं आता सोन्याच्या पिनेतून येऊ लागली.

तिसऱ्या खेपेला अनिता एकटी गेली. दुकानदारानं कार्ड स्वतःच्या मशीनला लावून दाखवलं, स्वच्छ. तो हात जोडून म्हणाला, "ताई, कार्डात काय नाय. तुमच्या घरातच कायतरी असंल. कुणाला तरी दाखवा." दाखवा म्हणजे कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून तो भूत उतरवणाऱ्या भगताबद्दल बोलत असावा.

बुधवार होता. चार रेकॉर्डिंगं जेमतेम टाइप झाली होती, त्यांतही मोकळ्या जागा ठेवलेल्या. अनिता रडवेली होऊन घरात शिरली आणि दारातच थांबली.

हिराबाई लुगडं मांडीपर्यंत खोचून खाली बसली होती आणि तिनं उजवा गुडघा कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला टेकवला होता. डोळे मिटलेले. शेजारी बाईजा बोटं चोळत बसलेली.

"सर आता," बाईजा म्हणाली. "माझा नंबर. कवाची बसलीस."

अनितानं काय चाललंय विचारलं. दोघी चोरी पकडल्यासारख्या झाल्या. मग बाईजानंच सांगून टाकलं. महिना झाला. एकदा पुसताना ओला हात डब्याला लागला तर गोड मुंग्या आल्या. बाईजाच्या बोटांची पेरं गेली तीन वर्षं सुजलेली, मुठी वळायच्या नाहीत. त्या मुंग्यांनी बरं वाटलं. मग सून घराबाहेर पडली की ती रोज येऊन बसू लागली. हिराबाईला कळलं, हिराबाई आली. आणखी दोघींना कळलं होतं, त्या गुरुवारी यायच्या होत्या.

"फुकटचा दवाखाना हाय गो," हिराबाई म्हणाली. "डॉक्टर अमेरिकेचा, मंग मशीन पण तसाच असनार."

अनितानं चपला काढल्या, सारवलेल्या ओलसर जमिनीवर पाय ठेवला आणि हाताची मागची बाजू डब्याला लावली. मुंग्या आल्या. ती रोज प्लास्टिकच्या खुर्चीत चपला घालून बसायची, तिला कधी कळलंच नव्हतं. दुकानदार, दीपेश आणि दोन्ही कार्डं यांना जे सापडलं नाही ते दोन म्हाताऱ्यांना महिन्याभरापूर्वी सापडलं होतं, आणि त्यांनी ते गुपचूप अंगाला लावून घेतलं होतं.

तिनं गावच्या वायरमनला, चंदरला, बोलावलं. चंदरनं डब्याला टेस्टर लावला, टेस्टर पेटला. तो उठून सरळ मागच्या दारी गेला. तिथं जमिनीत एक पाइप पुरलेला होता. दोन वर्षांपूर्वी त्यानंच मीठ-कोळसा घालून पुरला होता.

"ह्याला पाणी कोण घालतो?"

सगळी एकमेकांकडे बघू लागली. पाइपला पाणी घालायचं असतं हे कुणालाच माहीत नव्हतं.

"ही अर्थिंग हाय," चंदर म्हणाला. "करंटाला जमिनीत जायची वाट. जमीन वाळली, वाट बंद. मंग तो डब्यात घुटमळतो. तोच हात लावला की मुंग्या देतो, तोच हिच्या कानात घूं करतो. कार्डा किती पण बदला. रोज दोन हंडे पाणी घाला, आवाज गप."

दोन हंडे! मे महिना चालला होता. शेजारच्या भातसा धरणाचं पाणी मुंबईला नळानं जात होतं आणि शेणव्याला एक दिवसाआड टँकर यायचा, घरटी पाच हंडे. कोणता हंडा प्यायचा, कोणता रांधायचा, कोणता गुरांचा, हे बाईजाच्या डोक्यात होतं आणि त्यात कुणाची ढवळाढवळ तिला खपायची नाही.

"आणि काकी," चंदर जाता जाता म्हणाला, "हा तुमचा मुंग्यांचा कारभार पण बंद होनार बरं का."

"अजिबात?"

"अजिबात."

बाईजा आत गेली. अनिता मागोमाग गेली तर हंड्यांवर झाकणं पडली होती.

"भुईला पाजायला पाणी नाय माझ्याकडं," बाईजा म्हणाली. "माणसांना पुरत नाय."

अनितानं सांगून पाहिलं. सोमवारी पॅकिंगला जावं लागेल, सकाळी सहाला घर सोडायचं, रात्री परत. मला ते नाय करायचं आत्या, ती म्हणाली. बाईजा चुलीत फुंकत राहिली. अनिताला सासूचा भयंकर राग आला. स्वतःच्या बोटांसाठी ही आपल्याला कारखान्यात पाठवायला निघाली, असं तिला वाटलं, आणि ते अगदी खोटंही नव्हतं. गुरुवारी ती दिवसभर घूं ऐकत बसली आणि बाईजा दिवसभर डब्याजवळ बसली.  सांगून ठेवलेल्या दोघीही ठरल्याप्रमाणे येऊन आपापले खांदे टेकवून गेल्या.

शुक्रवारी सकाळी वीज होती. अनिता सातव्या रेकॉर्डिंगवर बसली. एकच वाक्य दहा-बारा वेळा मागं-पुढं करून झालं होतं. एकाएकी घूं जरा खाली बसली. तिनं हेडफोन दाबून धरला. थोडी आणखी बसली. डॉक्टरचा आवाज वर आला. त्याच्या खुर्चीची करकर ऐकू आली, आणि मध्येच सुर्र असा आवाज. डॉक्टर चहा पीत होता! नऊ दिवस ती या माणसाला ऐकत होती आणि तो चहा पितो हे तिला आत्ता कळलं. पाठोपाठ औषधाचं नाव अख्खं, शेपटासकट, तिच्या कानात पडलं.

मागच्या दारून हिराबाईचा आवाज आला. "काय गो बाईजा, मोरी पडली का काय तुजी?"

अनिता उठून गेली. पाइपाशेजारी सपाट धोंडा टाकून बाईजा लुगड्यासकट त्यावर बसली होती आणि डोक्यावर तांब्या ओतत होती. दोन दिवसांनी वाट्याला आलेली तिची अंघोळ. पाणी अंगावरून निथळून पाइपाच्या बुडाशी मुरत होतं.

"झाला का गप, का अजून एक घालू?" बाईजानं डोळे न उघडता विचारलं.

"अजून एक," अनिता म्हणाली आणि पळत आत गेली.

त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी पाइपावर सुरू झाल्या. संदेशलाही धोंड्यावर बसावं लागलं, रस्त्यानं जाणारी माणसं बघत असताना. मोकळ्या जागा भरल्या, शनिवारी ठाण्याला कागद गेले. सोमवारी पॅकिंगला अनिता गेली नाही, निकाल लागेपर्यंत तिनं संदेशकडून तारीख वाढवून घेतली. बुधवारी तिनं पीसीओवरून कंपनीला फोन केला. पास. शंभरात चूक एक.

धावतच ती घरी आली. बाईजा मागच्या दारी होती, नुकती अंघोळ करून कोरडं लुगडं नेसलेली. ओलं लुगडं हातात होतं आणि ते तिला पिळता येत नव्हतं. बोटं वळतच नव्हती. तिनं एक टोक काखेत धरून बघितलं, मग दातात धरून बघितलं. अनिता बघत राहिली. चंदरनं सांगितलं तेव्हा आत्यानं नीट ऐकलं होतं, "अजिबात?" असं विचारूनही घेतलं होतं, आणि तरी धोंडा तिनंच उचलून आणला होता. अनिताला स्वतःच्या रागाची लाज वाटली.

"आत्या, पास झाली मी."

"मंग उभी काय ऱ्हायलीस? ते टोक धर."

अनितानं टोक धरलं आणि पीळ घालत मोरीकडे सरकली.

"तिकडं कुठं चाललीस?" बाईजा ओरडली. "हितं पिळ, पाइपावर. ते पण पाणीच हाय."