देठांचं विरजण

कामावरून आले आणि ओट्याखाली पाहिलं, तर डबा नाही. मश्रूमचे उरलेले देठ मी ओल्या पुठ्ठ्यात घालून त्यात ठेवले होते. त्यांना पांढरी बुरशी धरू लागली होती, तिच्यातूनच पुढे नवे मश्रूम येतात. पण लोणच्यावर एवढासा पांढरा ठिपका दिसला, तरी सासूबाई बरणी घासायला काढतात. शिवाय मश्रूम त्या खातही नाहीत. टाकलाच असणार, म्हणत मी त्यांच्या खोलीत गेले.

डबा त्यांच्या कॉटखाली होता, जुन्या सुती साडीत गुंडाळलेला, थंडीत दही लावून गुंडाळतात तसा. जीव भांड्यात पडला. कालच्या चमचाभरातून उद्याचं लावायचं, हे त्यांना मी काय सांगणार होते!

साडीचं टोक उचलायला मी वाकले, तशा त्या मागून म्हणाल्या, "हलवू नकोस गं. लागू दे नीट."