पहिल्या नंबरची बोट

तार आली तेव्हा मी वाचनालयात पुस्तकं लावत होतो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती न फोडता गावाहून माणसाबरोबर पाठवली होती, कारण घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा. तारेत दादाचं नाव होतं, पलटणीचं नाव होतं, आणि तो समुद्रात बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ.

समोरच्या बाकावरचे गृहस्थ उठून आले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या हातातून तार घेतली, वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, “छे. ती बोट बुडायची नाही.”

दादाचं काय झालं असेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. बोटीचं आलं होतं. मी लिहायला बसलो आहे तो याच माणसाविषयी.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कुठे तरी जाऊन येतात आणि पुढचं सगळं आयुष्य तिथून परत यायचंच विसरतात. हे गृहस्थ एका लहानशा संस्थानिकाचे खासगी चिटणीस म्हणून तीनदा विलायतेला गेले होते. तीनदा जाणं, तीनदा येणं, मिळून सहा बोटी. पेन्शन घेऊन सांगलीत राहायला आल्यापासून ते रोज दहाच्या ठोक्याला वाचनालयात येत, इंग्रजी वर्तमानपत्र ताब्यात घेत आणि त्या सहा बोटींची लायकी ठरवीत बसत. पाठीमागे सगळे त्यांना आगबोट म्हणत.

बोटींची नावं ते आम्हाला सांगत नसत. “तुम्हाला उच्चारता यायची नाहीत.” आमच्यासाठी त्यांनी नंबर पाडले होते. सहावा नंबर सूप कोमट देणाऱ्या बोटीचा. पाचवीवर खोलीची खिडकी नीट लागत नसे. चौथीवर खालच्या वर्गातली माणसं बोचकी घेऊन थेट वरच्या कठड्यापर्यंत येत. “आपण चहा घेतोय आणि समोर कुणी तरी धोतर वाळत घालतंय!” हे सांगताना त्यांचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा होई. “पहिल्या नंबरवर मात्र वीस दिवसांत खालचा एक माणूस नजरेला पडला नाही. याला म्हणतात बांधणी.”

नव्या बोटी त्यांनी पाहिलेल्या नव्हत्या. त्यांनाही ते नापास करीत. “तरंगती सिनेमाघरं,” म्हणत. कुणी काही विचारलंच, तर एक उत्तर ठरलेलं होतं: “तुम्हाला नाही कळायचं.” कृष्णेच्या घाटावर उभं राहून ते पुराच्या पाण्याकडे बघत आणि शेजारच्याला विचारीत, “हे पाणी?”

वर्तमानपत्रात टपालबोटींच्या येण्याजाण्याचं कोष्टक येत असे. ते आधी वाचत, मग बाकीचं जग. लढाई सुरू झाली तसं ते कोष्टक बंद पडलं. लढाईविषयी त्यांची पहिली तक्रार ही होती. माझ्या आठवणीत दुसरी नाही.

तार येण्याच्या तीन महिने आधी दादा रजेवर आला होता. मला भेटायला वाचनालयात आला आणि तिथल्या शांततेला न शोभेल अशा आवाजात सांगू लागला, “लय मोठी बोट, गड्या. आमच्या निजायच्या झोळ्या टांगल्याल्या दिवानखान्यात, आन भितीवर ह्यो येवढा लाकडाचा मोर!”

वर्तमानपत्रामागून आवाज आला, “पिसारा मिटलेला की उघडलेला?”

“मिटल्याला.”

“मान कुठल्या बाजूला?”

“डाव्या. एका डोळ्यातला खडा कुनी तरी काडून न्हेलाय.”

वर्तमानपत्र खाली आलं. “पहिल्या नंबरची. त्या दिवाणखान्यात झोळ्या टांगल्या?”

“व्हय. शंभरभर.”

“हरामखोर,” ते म्हणाले. हे सरकारला उद्देशून होतं की पलटणीला, कळलं नाही. दादा मोठ्यानं हसला. “सायेब, मोराची काय तक्रार न्हवती.”

रजा संपवून तो मुंबईला गेला. त्याला पोचवायला गेलेल्या गावच्या माणसाबरोबर त्यानं बंदरावरून निरोप धाडला, वाचनालयातल्या सायबांना सांगा, पुन्हा मोरच मिळाला. त्यानंतर आली ती ही तार.

आमचं गाव पलूसच्या पुढे, कृष्णेच्या पलीकडच्या काठाला. मी तार घेऊन घरी गेलो, अर्थ सांगितला. आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. वहिनी चुलीपुढे होती. मी मूर्खासारखा बोलून गेलो की आमच्या वाचनालयात एक जण येतात, ते म्हणतात ती बोट बुडायची नाही.

वहिनी बाहेर आली. “त्येस्नी घिऊन या, भावजी.”

मी त्यांना नेलं. ही माझी चूक, आणि ती मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही.

नदीवर नावेत पाय ठेवताना त्यांनी नावाड्याला विचारलं, “ही बुडणार नाही कशावरून?” नावाडी म्हणाला, “बुडू दे की सायेब, कमरंयेवढंच पानी हाय.” पलीकडे पोचेपर्यंत ते त्या नावेच्या फळ्यांकडे नाक मुरडून बघत होते. तिला सातवा नंबरही मिळाला नाही.

घरात त्यांना घोंगडीवर बसवलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली आणि एकेक विचारू लागली. तिथं गोडं पाणी मिळतं का? अंधार असतो का? मोरापासून वर उघड्यावर यायचं तर वाट कशी? इतक्या वर्षांत त्यांना मन लावून ऐकणारं माणूस प्रथमच भेटलं होतं, आणि ते फुलले. जिना सांगितला. शिसवी, रुंद, चार माणसं शेजारी शेजारी चढतील असा. पितळी कठडा. बावीस पायऱ्या, मोजून. वर पाऊल टाकलं की समोर सुटकेच्या होड्या टांगलेल्या.

“आन ह्येंची झोळी मोराखालीच आसंल न्हवं?”

“दुसरीकडे कुठे असणार?”

हे वाक्य मी त्यांना कधी माफ केलं नाही. जेवायला बसल्यावर त्यांनी दोनदा आमटी मागून घेतली. माझ्या भावाच्या घरात, त्या दिवशी, हा माणूस खुशीत होता. मी ते पाहिलं.

वहिनीनं कुंकू पुसलं नाही. आमच्या मळ्यातली विहीर मोठी, दगडी पायऱ्यांची. भरली घागर घेऊन ती पाण्यापासून पायऱ्या मोजत वर यायची, आणि बाविसाव्या पायरीवर तिनं चुन्याचं बोट लावलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बाविसावी पायरीही खाली जायची. ती नवा ठिपका लावायची. मला एकदा म्हणाली, “भरल्या घागरीनं मला येवढा येळ लागतोय. त्येंला मोकळ्या हातानं कितीसा लागल?”

सरकारचं दुसरं पत्र आलं, की आता मृत समजावं. ती त्या कागदावर अंगठा देईना. गावात हळदीकुंकू असलं की बायका तिच्यापुढे आल्यावर कुंकवाचा करंडा हातात धरून घुटमळायच्या. तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला दोनदा येऊन परत गेला. आबांनी एकदाच विषय काढला, “पोरी, दिवस घालाय पायजेत गं त्येचं.” ती म्हणाली, “मामंजी, सायेब काय खोटं बोलत्यात?”

आणि सायेब इकडे दर महिन्याला मला विचारीत, “काय म्हणतात वहिनी? अजून ठाम आहेत ना?” जणू त्या बोटीला कुणी तरी पहिल्या नंबराचं प्रशस्तिपत्रक रोज नव्यानं लिहून देत होतं.

अशी तीन वर्षं गेली. लढाई संपली. दादाच्या पलटणीतला कवठे महांकाळचा एक शिपाई कैदेतून सुटून आला आणि मला शोधत वाचनालयात आला. तो त्या बोटीवर होता. पहाऱ्यावर वर होता, म्हणून पाण्यात पडला आणि वाचला.

“दादा मोराखाली झोपला होता?” मी विचारलं.

“न्हाई वो. त्या खेपंला दिवानखाना गोऱ्यास्नी दिल्ता. आमाला पार खाली घातलंतं. खालचं कोन वर आल्यालं म्या बगितलं न्हाई.”

तो गेल्यावर मी समोरच्या बाकाशी जाऊन उभा राहिलो आणि ऐकलं ते सांगितलं. विचारलं, अगदी खालून वर यायचा जिना कसा होता?

“तुम्हाला नाही कळाय...” असं म्हणून ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही. मग हळूहळू सांगू लागले. शेवटच्या खेपेला संस्थानिकांचा आचारी खाली आजारी पडला होता. त्याला बघायला ते एकदाच उतरले होते. जिना लोखंडी, एका माणसापुरता. माथ्यावर दार, ते वरच्या बाजूनं लागे.

“परत येताना ते लागलेलं होतं. आतून उघडेना. मी ठोठावत उभा राहिलो.”

“किती वेळ?”

“पुष्कळ.”

“आणि तरी तिला पहिला नंबर दिलात?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “म्हणूनच दिला,” ते म्हणाले. “वर आल्यावर ते दार लागलं की खालचं काही दिसत नसे.”

मी म्हणालो, हे आता मी वहिनीला सांगतो. ते बाकावरून उठले. “पायऱ्या मी सांगितल्या होत्या,” म्हणाले. “मी येतो.” त्यांच्या खात्यावर एवढी एक गोष्ट मांडायला मी तयार आहे.

नदी ओलांडताना ते नावेच्या फळीवर मुकाट्यानं बसले. नावाडी म्हणाला, “आज सायेब गप गप?”

या वेळी वहिनी दाराआड राहिली नाही. समोर येऊन बसली. ते उभेच होते.

“बाई, मी तुम्हाला सांगितला तो जिना वरच्यांचा होता.”

“आन खालच्यांचा?”

त्यांनी सांगितला. दारही सांगितलं.

“ह्ये तुमाला तवा ठावं हुतं?”

“होतं.”

“मंग?”

“मला ते सांगावंसं वाटलं नाही. बोटीला... बोटीला कमीपणा आला असता.”

आबा ओसरीवरून ऐकत होते. त्यांच्या हातातली दोरी वळायची थांबली.

“म्हंजी तीन वर्सं म्या दुसऱ्याचाच जिना चढले,” वहिनी म्हणाली. मग उठली. “भावजी, सायबास्नी पानी द्या. उनाचं आल्यात.” आणि आत जाता जाता, “मामंजी, भटजीस्नी सांगावा धाडा.”

त्यांनी तांब्या घेतला, पण पाणी प्यायले नाहीत. तांब्या हातात धरून उभे राहिले. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा राग आला. तिसऱ्या दिवशी नदीकाठी आम्ही दर्भाचा पुतळा करून दादाला अग्नी दिला. ते आले नव्हते. त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं.

पुढे वर्तमानपत्रात बोटींचं कोष्टक पुन्हा सुरू झालं. पहिल्या दिवशी ते पान उघडं करून मी मुद्दाम त्यांच्यापुढे ठेवलं. माझा हेतू चांगला नव्हता. त्यांनी पान उलटलं. कुणी नवखा वाचक बोटींविषयी विचारी, तर ते म्हणत, “मला नाही कळत.” दोन पावसाळ्यांनंतर त्यांचं येणं बंद झालं. मग त्यांच्या पुतण्यानं एक ट्रंक आणून दिली आणि सांगितलं की काका गेले, हे वाचनालयाला द्या म्हणाले होते.

ट्रंकेत सहा बोटींच्या जेवणाच्या छापील याद्या होत्या आणि पहिल्या नंबरच्या बोटीचा नकाशा होता. वरचे मजले रंगवलेले आहेत. दिवाणखाना आहे, मोराची जागा आहे, जिना आहे. त्याच्याखाली बोटीचा आकार नुसता काळा भरलेला आहे. त्या काळ्या भागात पेन्सिलीनं एक बारीक चौकोन काढून त्यांनी मराठीत ‘दार’ असं लिहिलं आहे.

नकाशा वाचनालयाच्या कपाटात आहे. आबा नाहीत. वहिनी गावीच असते आणि पाणी परसातल्या आडाचं भरते. मळ्यातल्या विहिरीच्या पायऱ्यांवर चुन्याचे ठिपके आहेत.