जाळीच्या नक्षीचा नर

शिरीषने तो नर पायथन दोन्ही हातांवर घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. सोनेरी अंगावर काळी जाळी, कोळ्याने विणल्यासारखी. जोडीसाठी साप निवडताना माणसं अशीच रंगाला भुलतात. तो मान कशी धरतो, हे कुणी बघत नाही.

सहा वर्षं आम्ही दोघांनी मिळून साप पाळले. खाऊ घालणं माझ्याकडे, मिरवणं त्याच्याकडे. आमची फिकट पिवळी मादी त्याने प्रदर्शनात एकट्याची म्हणून दाखवली आणि घरी घेऊन गेला. आता तिच्यासाठीच नर शोधत तो माझ्या दारी आला होता.

"खोड काही नाही ना याला?"

भक्ष्य दिसलं की या नराची मान थरथरते, आणि ते पिलांतही उतरतं, हे मला ठाऊक होतं.

"रंग बघ की," मी म्हणाले.

पुढे मादीने अंडी घातली, तेव्हा त्याच्याहून जास्त वाट मी पाहिली. पिलं निघाल्यावर त्याचा फोन आला.

"चौघांच्या माना उलट्या वळतात गं. तुला माहीत होतं?"

"होतं."

त्याचा पडलेला चेहरा डोळे भरून बघायला मी मुद्दाम त्याच्या घरी गेले. तो एका पिलासमोर चिमट्यात खाणं धरून बसला होता. पिलू झेपावलं आणि चुकलं. मान सावरून पुन्हा झेपावलं, पुन्हा चुकलं. सुडाचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण त्या पिलावरून माझी नजर हलेना, आणि शिरीषचा चेहरा बघायचा राहूनच गेला.